ओसरीवरून : दारांतील गाडीचें क्षेम

गेल्या अंकांत आम्हीं पितळी भांड्यांच्या कल्हईविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून एका भगिनींनीं आम्हांस कळविलें कीं, कल्हई करावी अशीं भांडीं त्यांच्या घरांत आतां दोनच उरलीं आहेत. मात्र थोरल्या चिरंजीवांनीं हौसेनें आणिलेली एक वेगवान मोटार दारांत उभी आहे, तेव्हां तिची कल्हई कोणती तें सांगावें. बाईंचा प्रश्न थट्टेचा नाहीं. एकत्र कुटुंबांत हौस एकाची असली तरी तिचा खर्च सर्वांच्या ताटांतून जातो. म्हणून या महिन्यास तोच विषय घेतों.

आरंभींच एक कबुली देतों. आम्हांस मोटार चालवितां येत नाहीं. आमचें सारें आयुष्य शाळेंत सायकलीवरून जाण्यांत गेलें. पुढें जें लिहीत आहों तें पुतण्याच्या गाडीपायीं कानांवर पडलेलें आहे, आणि त्यांतील बराच भाग निगडीच्या प्राधिकरणांत रविवारीं सकाळीं जमणाऱ्या एका लहानशा मंडळींत ऐकिलेला आहे.

संस्कृतांत 'योगक्षेम' असा एक जोडशब्द आहे. आपल्यापाशीं जें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे तें राखणें हें क्षेम. आमच्या घरांत योगाचा सोहळा मोठा होतो. गाडी यावयाची त्या दिवशीं हार, नारळ, कुंकवाचें स्वस्तिक, चाकांखालीं लिंबें, शेजारीं पेढे, सर्व कांहीं यथासांग घडतें. क्षेमास मात्र मुहूर्त नसतो कीं पेढे नसतात. तें गुपचूप, दर आठवड्यास, हात काळे करून करावें लागतें. म्हणून तें राहून जातें.

आमच्या या परिसरास तर हा विषय परका नाहींच. पूर्वीं चिंचवड म्हटलें कीं मोरया गोसावींची समाधि, आणि चाकण म्हटलें कीं फिरंगोजी नरसाळा. १६६० सालीं शायिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें त्यानें चाकणचा किल्ला जवळजवळ दोन महिने लढविला. स्वातंत्र्यानंतर पिंपरींत प्रथम औषधांचा आणि मागाहून मोटारींचा कारखाना आला, आणि गांवाचें रूप पालटलें. चाकणच्या माळावर फोक्सवॅगनच्या कारखान्याचें उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजीं झालें. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथें पोलो ही गाडी तयार होऊं लागली, आणि २०१३ सालीं तिची 'जी. टी. टी. एस. आय.' नांवाची चपळ बहीण बाजारांत आली. इंजिन अवघें १,१९७ घन सेंटिमीटरांचें, परंतु शक्ति १०५ अश्वांची, आणि गेअर सात, तेहि आपोआप पडणारे. २०२२ सालीं पोलोचें उत्पादन येथें थांबलें. पिंपरींत बनणाऱ्या टाटांच्या अल्ट्रोझची 'रेसर' ही १२० अश्वशक्तीची आवृत्ति २०२४ सालीं निघाली. तात्पर्य, वेगाची हौस असलेले तरुण देशभर ज्या गाड्यांविषयीं बोलत असतात, त्यांतील कित्येक आमच्याच शिवारांत जन्मलेल्या आहेत. आणि त्या घडविणाऱ्या हातांपैकीं कांहीं हात आमच्याच आळींत राहतात.

रविवारची मंडळी बारापंधरा जणांची. कोणी कारखान्यांत पर्यवेक्षक, कोणी बँकेंत, एक दंतवैद्य, एक साठी उलटलेले सेवानिवृत्त यंत्रशिक्षक. झाडाखालीं गाड्या लावावयाच्या, बॉनेट उघडावयाचीं, चहा मागवावयाचा आणि ज्यानें त्यानें आपल्या गाडीचें दुखणें सांगावयाचें. प्रथम आम्हांस वाटलें, ही रिकामटेकड्यांची सभा असावी. दोन रविवार बसलों आणि मत पालटलें. तेथें कोणी आपल्या गाडीची बढाई सांगत नव्हता. प्रत्येक जण आपली चूक सांगत होता. अडतीस वर्षें वर्गांत काढलेल्या माणसास त्याची किंमत कळते. उत्तर चुकलें कीं पाटीवर हात ठेवणारा मुलगा स्वतः शिकत नाहीं आणि इतरांसहि शिकवीत नाहीं. "गुरुजी, माझें येथें चुकलें" म्हणून पाटी पुढें करणारा मुलगा साऱ्या वर्गाचा गुरु होतो.

आतां त्या सभेंत ऐकिलेल्या उपयुक्त गोष्टी क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट गेअरची. वर सांगितलेल्या सात गेअरांच्या पेटींत क्लच दोन असतात. एक, तीन, पांच, सात हे विषम गेअर एकाकडे आणि दोन, चार, सहा हे सम गेअर दुसऱ्याकडे. गाडी तिसऱ्यांत धांवत असतांनाच चौथा तयार करून ठेविलेला असतो; म्हणून बदल क्षणांत होतो आणि धक्का जाणवत नाहीं. परंतु लहान इंजिनांच्या जोडीस असलेले हे क्लच कोरडे असतात. तेलांत बुडालेले नसतात. चाकणच्या तळेगांव चौकांत संध्याकाळीं जी रांग लागते तींत गाडी वीत-वीत सरकवीत राहिलें तर क्लच अर्धवट घासत राहतो, तापतो आणि झिजतो. मंडळींचा सल्ला असा : पुढच्या गाडीस चिकटून सरकूं नये, चार हात अंतर पडूं द्यावें, मग एकदम पुढें जावें आणि ब्रेक घट्ट दाबून थांबावें. चढावर गाडी ॲक्सिलरेटरच्या आधारानें तोलून धरूं नये. त्या कामास ब्रेक आहे.

याच सात गेअरांच्या पेटीची एक जगजाहीर हकीगत यंत्रशिक्षकांनीं सांगितली, ती येथें देण्याजोगी आहे. चीन देशांत अशा पेटीच्या गाड्या धक्के देतात, मध्येंच बळ सोडतात, अशा तक्रारी मालक करीत होते. १५ मार्च २०१३ या ग्राहकदिनीं तेथील सरकारी दूरचित्रवाणीनें त्या तक्रारी देशापुढें मांडल्या. थोड्याच दिवसांत कंपनीनें तेथील ३,८४,१८१ गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविण्याचें जाहीर केलें. आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत जगभरच्या सुमारें १६ लाख गाड्यांच्या पेटींतील तेल बदलून देण्याचें ठरविलें. कारण असें निघालें कीं, उष्ण व दमट हवेंत, थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारींत, पेटींतील कृत्रिम तेलामुळें विजेच्या भागांत बिघाड होऊं शकतो. म्हणून त्याऐवजीं खनिज तेल घालावयाचें. प्रयोगशाळेंत जें ध्यानांत आलें नाहीं तें रस्त्यावरच्या मालकांच्या बोलण्यांतून वर आलें. प्रत्येकानें 'माझ्याच नशिबीं अशी गाडी आली' म्हणून कपाळावर हात मारिला असता, तर तेल तेंच राहिलें असतें.

दुसरी गोष्ट टर्बोची. आमच्या भगिनींना ती चटकन समजेल, कारण टर्बो म्हणजे चुलीची फुंकणी होय. लहान चुलींत फुंकणीनें अधिक वारा घातला कीं जाळ मोठा होतो, तसें लहान इंजिनांत अधिक हवा दाबून भरली कीं शक्ति वाढते. ही फुंकणी इंजिनाच्या धुराच्याच जोरावर फिरते, आणि तिचे फेरे मिनिटास लाखाच्या वर जातात. तिचा दांडा तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत असतो. तें तेल काळें, पातळ किंवा कमी झालें कीं दांडा कोरडा घासतो. म्हणून सकाळीं गाडी सुरू केल्यावर पहिलीं कांहीं मिनिटें ती सावकाश न्यावी. लांबच्या वेगवान प्रवासानंतर इंजिन लगेच बंद न करितां मिनिटभर चालूं द्यावें. तेल कोणत्या प्रतीचें तें गाडीच्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें, तेंच घालावें. पोलोच्या पुस्तिकेंत मुदत १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशी आहे. परंतु रोज रहदारींत अडकणारे जाणते मालक सात-आठ हजारांवरच तेल बदलतात. या खर्चास उधळपट्टी म्हणूं नये. ही खरी कल्हई होय.

तिसरी गोष्ट टायरची. टायरच्या कडेस '१८५/६० आर १५' असें कांहीं लिहिलेलें असतें. पाणिनीच्या सूत्राइतकेंच तें आटोपशीर आहे. रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या शेंकडा ६०, म्हणजे १११ मिलिमीटर, रचना रेडिअल, आणि आंतलें लोखंडी चाक १५ इंचांचें. वेगवान गाडीची ही कड मुद्दाम बुटकी ठेवितात, म्हणजे वळणावर गाडी डोलत नाहीं. परंतु खड्ड्यांत आपटली तर बुटकी कड मार झेलूं शकत नाहीं; टायर फुगतो किंवा चाक वांकतें. म्हणून हवा दर पंधरा दिवसांनीं, टायर थंड असतांना पाहावी. त्याच कडेवर चार आंकड्यांचा एक शिक्का असतो; '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारें होतें. डिकींतील जादा टायरचें वय तर कोणी विचारीतच नाहीं.

चौथी गोष्ट पेट्रोलची. आपल्या देशांत २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें, आणि २०२५ पर्यंत तें सर्वत्र रुळलें. इथेनॉलाच्या एका लिटरांत पेट्रोलाच्या मानानें सुमारें एक-तृतीयांश उष्णता कमी असते. म्हणून गाडीची धांव लिटरामागें थोडी घटते, त्यांत पंपवाल्याची लबाडी असेलच असें नाहीं. दुसरें असें कीं, इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. टाकी तळाशीं ठेवून गाडी महिनेन् महिने उभी करूं नये. जुन्या गाडीच्या मालकानें आपली गाडी किती मिश्रणास योग्य आहे तें पुस्तिकेंत पाहावें, आणि रबरी नळ्या वर्षांतून एकदां तपासून घ्याव्या.

पांचवी गोष्ट ऐकून आम्हांस हंसूं आलें. ती उंदरांची. पावसाळा लागला कीं उंदीर ऊब शोधीत बॉनेटखालीं शिरतात आणि तारा कुरतडतात. मंगलमूर्तीच्या गांवांत त्यांच्या वाहनानें आमच्या वाहनावर असा राग कां धरावा तें कळत नाहीं. कोणी तंबाखूची पुडी बांधतो, कोणी डांबराच्या गोळ्या. त्यांचा गुण वास असेतोंच टिकतो. खालून बारीक जाळी बसविणें, कचऱ्याच्या कुंडीशेजारीं गाडी न लावणें आणि आठवड्यांतून एकदां बॉनेट उघडून पाहणें, हेच त्यांतल्या त्यांत खरे उपाय.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती आमच्या घरची आहे, आणि तिच्यासाठींच हा लेख लिहावासा वाटला. गाडीचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, कारण दोष गाडीचा नव्हता.

इंजिन थंड राखण्यासाठीं त्यांत एक रंगीत द्रव खेळत असतो. त्यास कूलंट म्हणतात. आमच्या पुतण्याच्या गाडींत त्याची पातळी हळूहळू उतरूं लागली. एक लहान नळी झिरपत होती. ती पाहावयास सवड नव्हती म्हणून तो दर आठवड्यास टाकींत नळाचें पाणी ओतीत गेला. दोन महिने असे गेले. मे महिन्यांतील एका दुपारीं, तळेगांव-चाकण रस्त्यावरील कोंडींत, गाडीच्या तक्त्यावर तांबडा दिवा लागला. अशा वेळीं गाडी तत्क्षणीं बाजूस घेऊन बंद करावयाची, आणि गरम टाकीचें झांकण मुळींच उघडावयाचें नाहीं, हा नियम त्यास ठाऊक होता. परंतु 'आतां घर जवळच आहे' असें म्हणून त्यानें ती तशीच पुढें रेटली. इंजिन तापून बंद पडलें आणि गाडी ओढून आणावी लागली.

गॅरेजवाल्यानें नळी बदलली. परंतु तो म्हणाला, इंजिनाचें डोकें तापून वांकल्याचा संशय आहे, उघडून पाहावें लागेल. त्यास खर्च मोठा. त्याच सुमारास धाकट्या पुतणीच्या महाविद्यालयाची फी भरावयाची होती. पुतण्याच्या एका मित्रानें युक्ति सुचविली. आगपेटीएवढें एक स्कॅनर-यंत्र गाडीस जोडलें कीं तिच्या संगणकांत नोंदलेल्या दोषांचे आंकडे दिसतात, आणि एक बटन दाबलें कीं ते पुसलेहि जातात. दिवा विझला. सकाळच्या गारव्यांत गाडी लोण्यासारखी चालूं लागली. चाकणच्या एका कारखान्यांतील तरुणानें ती पाहिली, पसंत केली आणि इसारा दिला. त्याच्या घरांतील ती पहिलीच मोटार व्हावयाची होती. घरीं बाळंतपण जवळ आलें होतें.

येथें आम्हांस दुसरी कबुली देणें प्राप्त आहे. आम्हांस हें सर्व ठाऊक होतें, आणि आम्ही गप्प बसलों. मनाशीं म्हटलें, घेणाऱ्यानें पारखून घ्यावें. बाजाराचा हाच न्याय आहे. खरें कारण फीचें होतें. जन्मभर मुलांस सत्य बोलावयास शिकविलें, आणि पैशाची निकड घरांत येतांच आमच्याच तोंडास कुलूप लागलें.

तें कुलूप आमच्या वहिनींनीं काढलें. रात्रीं पानें वाढतांना त्यांच्या कानांवर हें बोलणें पडलें. त्यांस इंजिन कळत नाहीं. त्यांनीं मुलास एवढेंच विचारिलें, "अरे, आंबलेलें वरण ताजें म्हणून पाहुण्याच्या पानांत वाढशील का?"

पुतण्या म्हणाला, "आई, गाडी आतां नीट चालते आहे."

"मग त्याला सगळें सांगून वीक. नीट चालते आहे तर घेईल तो."

यावर त्यास उत्तर सुचलें नाहीं. आम्हांसहि सुचलें नाहीं. जेवण तसेंच उरकलें. दुसऱ्या दिवशीं रविवार होता. त्यानें मंडळींत जाऊन सारी हकीगत सांगितली. नळाच्या पाण्यापासून पुसलेल्या आंकड्यांपर्यंत. कोणी त्यास हिणविलें नाहीं. यंत्रशिक्षक म्हणाले कीं, दोषाचा आंकडा पुसणें म्हणजे तापमापक झटकून ताप उतरला म्हणणें. वांकलेलें डोकें पुढच्या घाटांत पुन्हां पाणी सोडील आणि त्या वेळीं आंत कोण बसलेलें असेल तें आपल्या हातीं नाहीं. त्याच दुपारीं पुतण्यानें त्या तरुणास घरीं बोलाविलें, सर्व सांगितलें आणि इसारा परत केला. तरुण बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग उठून गेला.

पुढें इंजिन उघडलें. डोकें वांकलेलेंच होतें. तें घासून सपाट केलें, मधलें गास्केट नवें घातलें. गच्चीच्या दुरुस्तीस बाजूस ठेविलेली रक्कम त्यांत गेली, म्हणून यंदाच्या पावसांत माजघराच्या कोपऱ्यांत आम्हीं पातेलें ठेविलें आहे. फी आम्हीं आमच्या निवृत्तिवेतनांतून हप्त्यांनीं भरीत आहों. गप्प बसल्याचा तेवढा दंड आम्हांस योग्यच आहे. गाडी विकली नाहीं. ती दारांत आहे आणि वहिनींस दवाखान्यांत नेण्याआणण्याचें काम करिते.

तीन आठवड्यांनीं त्या तरुणाचा फोन आला. तो दुसरी एक गाडी पाहावयास निघाला होता. पुतण्यास म्हणाला, "दादा, तुम्ही जरा बरोबर येतां का? मला त्यांतलें कळत नाहीं." पुतण्या अर्ध्या दिवसाची रजा काढून गेला. ती गाडी त्यानें नापसंत केली. पुढची पसंत केली. आतां तो तरुणहि रविवारीं झाडाखालीं चहास येतो, आणि परवां मुलीच्या बारशाचे पेढे त्यानेंच वांटले.

तेव्हां ज्या भगिनींनीं प्रश्न विचारिला त्यांस आमचें उत्तर असें. आपल्या चिरंजीवांस एक दोनशें पानांची साधी वही आणून द्यावी आणि ती गाडींतच ठेवावयास सांगावी. तींत तारीख, किलोमीटर, काय बिघडलें, काय बदललें, कोणी बदललें, किती खर्च आला, एवढें दर वेळीं लिहावें. विशेषतः आपल्या हातून झालेली चूक लिहावी. कारण तीच लिहावयाचा कंटाळा येतो. महिन्याच्या पहिल्या रविवारीं घरांतील वडील माणसानें ती वही जमाखर्चाप्रमाणें पाहावी. त्यास मोटार चालवितां आलीच पाहिजे असें नाहीं. आणि गाडी विकावयाची वेळ येईल तेव्हां किल्लीबरोबर ती वहीहि घेणाऱ्याच्या हातीं द्यावी. किंमत थोडी कमी येईल. येवो.

असो. पुढील अंकीं पावसाळ्यांतील धान्याच्या निगेविषयीं लिहूं.